खाऱ्या पाण्यावरचा गोबरगॅस

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही प्रकल्प म्हणून गोबरगॅस घेतला. जागा मित्राच्या घरची, दर्यापूरकडची. गोठ्यात गुरं होती आणि त्याची माय कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या धुरात खोकत स्वयंपाक करायची. आम्ही अमरावतीची पोरं त्या काकूंना चुलीतून सोडवायला निघालो होतो. तेवढी घमेंड त्या वयात असतेच.

पहिला भरणा टँकरच्या पाण्याचा होता. ज्योत पेटली तेव्हा काकूंनी शेगडीला हळदकुंकू लावलं. पुढे रोजचा शेणकाला बोरच्या पाण्यात कालवला जाऊ लागला आणि ज्योत मलूल झाली. तो सगळा पट्टाच खारा. सर म्हणाले, खाऱ्या पाण्यात गॅस करणारे जिवाणू मरतात, गोडं पाणी घाला. पण नळ आठवड्यातून कधीतरी यायचा. प्यायचं पाणी काय शेणात ओतायचं, असं म्हणून मित्रानेच विषय संपवला. त्याचं एक वर्ष आधीच वाया गेलं होतं, यंदाही नापास झाला तर वडील त्याला शेतीत घालणार होते. काकू तिथंच भाकरी थापत होत्या.

पुढच्या खेपेला ज्योत पुन्हा निळीशार. आम्ही विचारलं, तर काकू म्हणाल्या, मला त्यातलं काय समजतं. मग आम्हीच अक्कल चालवली. जिवाणूंना खारं पाणी अंगवळणी पडतं, असं अहवालात ठोकून दिलं. सर खूश झाले. कॉलेजात पहिलं बक्षीस मिळालं, मित्र पास झाला.

निकालानंतर काकूंना अमरावतीला दवाखान्यात आणलं. पाय सुजले होते, किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी पाणी कुठलं पिता विचारलं. काकू खाली बघून म्हणाल्या, बोरचं. तेव्हा कळलं, घरच्यांना माठातलं गोडं पाणी देऊन स्वतःच्या वाट्याचं त्या शेणकाल्यात ओतत होत्या.

"काहून केलं माय असं?" मित्राने विचारलं.

"तुहं वर्ष गेलं असतं ना, बाप्पा."

डॉक्टरांनी नुसत्या पाण्यावर ठपका ठेवला नाही. दुखणं आधीपासूनचंही असेल म्हणाले. मला त्याने जराही बरं वाटलं नाही. अजूनही त्या बक्षिसाची चीड येते.

आता त्यांच्या गावात धरणाचं पाणी रोज येतं. काकूंना मात्र दिवसाला तांब्याभरच पाणी प्यायची परवानगी आहे.