रोजचं जेवण

चिकलठाण्याला, जालना रोडवरच्या एका हॉटेलात बानाबाई दोन वर्षं भाकरी थापत होती. मूळची वैजापूरकडची. पावसानं पाठ फिरवली, चारा संपला, तेव्हा नवऱ्यानं, केरबानं, सगळी मेंढरं बाजारात नेऊन खाटकाला दिली आणि दोघं शहरात आली. केरबा एका नव्या इमारतीवर वॉचमन झाला. मेंढरांचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

हॉटेलचं ‘मेंढपाळी मटण’ गाजत होतं. मसाला पुडीतला, वर बोटभर तेल. २०१९च्या उन्हाळ्यात नावाजलेल्या पदार्थांवर मालिका करणारी मंडळी आली. त्यांना अस्सल माणूस पाहिजे होतं. मालक अप्पारावांनी बानाबाईला नवं लुगडं नेसवून चुलीपुढं बसवलं.

“तुमच्याकडे हे कधी करतात?” मुलाखत घेणाऱ्या बाईनं विचारलं.

“मेंढरू कोण कापून खातं, बाई? त्याच्यावर तर पोट. जत्रेला कधी झालं तर झालं. रानात आपली भाकर अन् दूध.”

कॅमेरा थांबला. अप्पाराव जवळ येऊन हळूच म्हणाले, “मावशी, रोज करतो म्हणा. एवढंच.”

बानाबाईनं म्हटलं. काम सोडून जाणार कुठं?

दोन महिन्यांनी तो भाग आला. दुपारचं गिऱ्हाईक उरकल्यावर अप्पारावांनी सगळ्यांना मोठ्या टीव्हीसमोर बसवलं, केरबालाही बोलावून ताट वाढलं. पडद्यावर कुठलातरी माळ, कुणाचीतरी मेंढरं. केरबा हातातला घास तसाच धरून बघत राहिला. मग बानाबाई दिसली. “आमच्याकडं रोजच शिजतं हे. आज्या-पणज्यापासनं.” हॉटेलातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावरचा एक चष्मेवाला गृहस्थ म्हणाला, या मातीची खरी चव ती हीच.

“आपण खात होतो व्हय मेंढरं?” केरबानं विचारलं.

बानाबाईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी ठेवली.

“मी इकली तवा तीन दिस तू अन्नाला शिवली नव्हतीस. अन् आता असं बोललीस?”

तो हात धुऊन निघून गेला. ताट भरलेलंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती अप्पारावांना म्हणाली, “शेठ, माझं तेवढं बोलणं काढायला लावा.”

“आता कुठं निघतंय? जगभर गेलं ते,” अप्पाराव हसले. त्यांनी तिचा फोटो मोठा करून दाराशी लावला.

आठ दिवसांत केरबा नोकरी सोडून गावाला गेला. फोन केला की “हाय बरा” एवढंच म्हणायचा. आषाढ निम्मा सरला तरी पावसाचा पत्ता नव्हता. बानाबाई सुट्टी काढून एसटीनं गेली. केरबा टँकरच्या रांगेत उभा होता. आता तो दुसऱ्याची शेरडं वळत होता. त्यानं तिला तांब्याभर पाणी दिलं.

“चला माघारी,” ती म्हणाली. “मी दुसरीकडं काम बघते.”

“बघ,” तो म्हणाला. “मी न्हाय यायचा.”

मग रांग पुढं सरकली, तसा तोही हंडा उचलून सरकला. थोड्या वेळानं, तिच्याकडं न बघताच म्हणाला, “चारची गाडी हाय. ऊन लई हाय, डोक्यावर पदर घे.”

फाट्यापर्यंत ती एकटीच चालत गेली. संध्याकाळी हॉटेलात पीठ मळायचं होतं.