बॅगेतला नारळ

ट्रेकला निघताना आमच्या सामानात मला सगळ्यात जड काय वाटायचं, तर नारळ. तंबू नाही, स्टोव्ह नाही, पाणीही नाही. चांगला भरलेला, शेंडी राखलेला, हळदीकुंकू लावलेला नारळ आणि त्याच्याबरोबर पाच ओंजळी गहू. माझ्या सासूबाईंच्या घरातली रीत अशी, की घरातली सून दूरच्या वाटेला निघाली की तिची ओटी भरल्याशिवाय तिनं उंबरा ओलांडायचा नाही. मग ती माहेरी जावो नाहीतर हरिश्चंद्रगडावर.

मला याचा फार राग यायचा. मी आणि नवरा आठवडाभर एकेका वस्तूवरून भांडून बॅगा हलक्या करायचो, आणि निघायच्या घटकेला आई, म्हणजे सासूबाई, पाट मांडायच्या. ट्रेकच्या पँटला पदर कुठला? एका पावसाळ्यात तर मी पोंचोचा, म्हणजे बिनबाह्यांच्या रेनकोटचा, घोळ पुढे धरला आणि त्यांनी शांतपणे त्यात गहू ओतले. सासरे पेपर खाली करून बघत होते आणि नवरा दाराआड तोंड लपवून हसत होता. ओटीतले चार दाणे आई परत उचलून घ्यायच्या आणि देवापाशी वाटीत ठेवायच्या. आम्ही परत आलो की ते दाणे गच्चीवर चिमण्यांना जायचे. तोवर वाटीला कुणी हात लावायचा नाही.

आमचं घर जुन्या जालन्यात, धान्याच्या एका ठोक दुकानाच्या वर. घरातल्या छोट्या काट्यावर सुटं सामान मोजता यायचं, पण भरलेली बॅग मावायची नाही, म्हणून आम्ही ती खाली नेऊन पोत्यांच्या काट्यावर ठेवायचो. दुकानदार ज्वारीची पोती बाजूला सारायला लावायचा आणि दर खेपेला विचारायचा, "काय वहिनी, हा माल कोणच्या मंडीला चालला?" नवरा काट्याकडे असा बघायचा, की जणू काही लाखाचा सौदा व्हायचा आहे.

हलकं करण्याचं त्याला वेडच होतं. माझ्या कंगव्याचे त्यानं करवतीनं दोन तुकडे केले, तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. तिखट-मीठ होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत जायचं. पावसाळ्यात एकच पोंचो असा, की तो अंगावरही पुरेल आणि बॅगेवरही. हिवाळ्यात स्लीपिंग बॅग आणि लोकरी टोपी, पण जाड स्वेटर नाही, कारण चालताना तो लागत नाही आणि निजताना स्लीपिंग बॅग असते. उन्हाळ्यात कपडे जवळजवळ नाहीतच, पण वाचवलेलं सगळं वजन पाणी खाऊन टाकायचं. तिन्ही ऋतूंना एकच नियम होता. जी वस्तू दोन कामांना येत नाही, ती घरी राहील.

"मग नारळ?" मी विचारायचे.

"नारळ माझ्या बॅगेत टाक," तो म्हणायचा. "तू कुरकुर करू नको."

सामानाची वाटणी ठरलेली होती. तंबूचं कापड आणि काठ्या त्याच्याकडे, खुंट्या, स्टोव्ह आणि भांडं माझ्याकडे. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी माझ्याकडे, नारळ त्याच्याकडे. एकाची बॅग हरवली असती तर दुसऱ्याच्या बॅगेत नुसता निरुपयोगी पसारा उरला असता. गडावर पोचलो की तो दगडावर नारळ फोडायचा, मी गूळ काढायचे. बरोबरची मंडळी आमच्याभोवती जमायची. तेव्हा मात्र नारळ का आणला, असं मी एकदाही म्हटलेलं नाही.

गेल्या वर्षी तो गेला. डोंगरात नाही. घरातच, आंघोळ करून बाहेर आला, खुर्चीवर बसला आणि गेला. दवाखान्यात नेलं ते नुसतं नेण्यापुरतं.

त्याची बॅग दाराआडच्या खिळ्याला तशीच लटकत राहिली. ऑफिसला जाताना मी तिच्याकडे न बघता चपला घालायचे. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग आमच्या जुन्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचा फोन आला. हरिश्चंद्रगडाला निघालोय, येतेस का? मी हो म्हणून बसले आणि फोन ठेवल्यावर घाबरले.

चढायची भीती नव्हती. भीती आईंची होती. त्या ओरडल्या असत्या तर मी भांडले असते, भांडायला मी काही कमी नाही. पण त्यांचा मुलगा गेला होता. आता सून डोंगरात जाते म्हटल्यावर त्यांना काय वाटेल? आणि आणखी एक गोष्ट होती, जी मला कुणाला सांगताही येत नव्हती. नवरा गेलेल्या बाईची ओटी भरत नाहीत. वर्षभरात हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली होती, त्याचं मला काही वाटलं नव्हतं. पण ज्या उंबऱ्यावर मला दर वेळी थांबवलं जायचं, त्यावरून आता कुणी न थांबवता जायचं, हे मला सोसवेल का, ते कळत नव्हतं. ती ओटी नको नको म्हणत मी इतकी वर्षं घेतली होती.

आई गहू निवडत बसल्या होत्या तेव्हा मी सांगितलं. त्यांचे हात सुपात थांबले.

"कोण कोण हाय?"

"नेहमीचेच सगळे."

त्यांनी दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाल्या, "डोंगरानं न्हेलं न्हाई त्याला. घरातच गेला, माझ्या डोळ्यांम्होरं. मंग मी डोंगराला काऊन भिऊ? जाय तू."

आत जाऊन मी रडले. परवानगी मिळाली होती, पण ओटीचा शब्द त्यांनी काढला नव्हता.

मग सामान. त्याची बॅग खाली काढली, तंबू पलंगावर पसरला. दोघांचा तंबू एकटीनं वाहायचा म्हणजे जो येणार नाही त्याची जागाही पाठीवर घ्यायची. सगळं माझ्या बॅगेत कोंबलं आणि खाली काट्यावर नेलं. दुकानदारानं पोती सारली, पण या वेळी मंडीचं विचारलं नाही. आकडा बघून मीच म्हटलं, "न्हाई जमत." वर आले आणि तंबूचं आतलं कापड आणि काठ्या काढून ठेवल्या. वरचा पातळ पडदा तेवढा घेतला. चालायच्या काठीवर तो ताणला की एका माणसाला आडोसा होतो, पोंचो खाली अंथरता येतो. त्याला हे आवडलं असतं. हे मनात आलं आणि मी त्याच्यावर चिडले, की अशा वेळी तो इथं नाही.

निघायच्या सकाळी धपाटे बांधून ओट्यावर ठेवलेले होते. दारात पाट नव्हता. आई देवघरात होत्या, सासरे पेपर वाचत होते, म्हणजे पेपर समोर धरून बसले होते. मी बूट घातले, नाड्या बांधल्या. मनाशी म्हटलं, बरं झालं, वजन वाचलं. आणि डोळे असे भरून आले, की नाडीची गाठ दिसेना.

"बूट काढ."

आई ताट घेऊन मागे उभ्या होत्या. सासऱ्यांनी पेपर ठेवला आणि भिंतीशी टेकवलेला पाट आणून मांडला.

"बुटानिशी पाटावर चढशील काय? काढ जल्दी. गाडी ऱ्हाईल तुझी."

मी अनवाणी पाटावर उभी राहिले. कुंकवाचं बोट माझ्या कपाळाशी येऊन थांबलं. मग टेकलं. ओढणी नव्हती म्हणून मी जॅकेटचा घेर पुढे धरला. आईंनी ओंजळ भरली नाही, पाच वेळा चिमटी चिमटीनं गहू घातले. त्यावर हळकुंड ठेवलं. आणि नारळाच्या जागी सुक्या खोबऱ्याची एक वाटी.

"नारळ जड होतो," त्या म्हणाल्या. "उचलायला तो न्हाई आता."

म्हणजे त्यांना माहीत होतं. नारळ कुणाच्या बॅगेत जायचा, ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मी त्यांना मिठी मारली, तशी आमच्या घरात कुणी कुणाला मारत नाही. गहू थोडे जमिनीवर सांडले. त्या खाली बसल्या, त्यातले चार दाणे वेचले आणि देवापाशी वाटीत ठेवायला आत घेऊन गेल्या.

गडावर थंडी खूप होती. सगळ्यांनी शेकोटीपाशी डबे उघडले. मी खोबऱ्याची वाटी सवयीनं मोडून दोन तुकडे केले, आणि दुसरा तुकडा हातातच राहिला. मैत्रिणीनं गूळ पुढे केला. एक तुकडा मी खाल्ला. दुसरा रुमालात बांधून खिशात ठेवला आणि गड उतरले.

घरी आले तेव्हा आई गच्चीवर होत्या. मी बॅग न उतरवता वर गेले आणि तो तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बघितला, अर्धाच का हे विचारलं नाही. त्यांच्या दुसऱ्या हातात देवापाशी ठेवलेली दाण्यांची वाटी होती. खोबरं त्यांनी तोंडात टाकलं, आणि चावत चावत दाणे चिमण्यांना टाकले.