नेगाची उबेची बाजू

झुल्मिराबाईंच्या, ब्राझीलमधल्या माराझो बेटावर साप पाळत नसत, तो आपला आपण राहायला येई. मॅनिओक कंदाच्या पिठाच्या कोठारात आढ्याला जिबोया, म्हणजे तिथला अजगर, वेटोळं घालून बसे, उंदीर मटकावी, आणि कुणी त्याच्या वाटेला जात नसे. सदुसष्टाव्या वर्षी लेकीकडे, जोसिलेनीकडे, थंड कुरितिबा शहरात आल्यावर बाईंना करमेना. मग जोसिलेनीने परवानाधारक पैदासकाराकडून जिबोयाचं पिल्लू आणलं, कागदपत्रांसकट. बाईंनी त्याचं नाव ठेवलं नेगा.

नेगाचं घर बाईंनीच सजवलं. काचेच्या कपाटात कोरडा पाला, चढायला फांदी, पाण्याचं पसरट भांडं. दाराला घट्ट कडी लावली. पैदासकाराने दिलेला दिवा मात्र पहिल्याच दिवशी बंद केला.

"दिवसभर दिव्याखाली कोण झोपेल गं? आमच्याकडे कुणी सापाला दिवा लावला होता?"

सूचनांचा कागद आणि सोबत आलेली गरम होणारी चटई त्यांनी खणात सारली.

पाच आठवडे झाले, नेगाने एक घास घेतला नाही. कोपऱ्यात गोळा होऊन पडून राही. शेवटी जोसिलेनी म्हणाली, "आई, शनिवारी परत देऊन येते. आपल्या हातून मरायला नको ती." बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

शुक्रवारी वरच्या मजल्यावरचे कासिमिरो स्विच दुरुस्त करायला आले. इलेक्ट्रिशियन माणूस, कोंबड्यांची अंडी उबवायच्या पेट्या बनवणारा. त्यांनी सहज काचेला हात लावला.

"दोना झुल्मिरा, यात माझी बिअर मस्त गार राहील!"

"थट्टा नको. माझी पोर उपाशी आहे."

"उपाशी नाही, गारठलीय. अंगात ऊब नसेल तर ती खाल्लेलं पचवणार कसं? दिलेला कागद कुठंय?"

बाईंनी खण उघडला. कागद वाचून कासिमिरोंनी चटई कपाटाच्या अर्ध्या भागाखालीच बसवली आणि तिला तापमान ठरलेल्या आकड्यावर रोखणारं यंत्र जोडलं. उबेच्या बाजूला एकतीस अंश, दुसरीकडे पंचवीस. दोन्हीकडे लपायला काठाला खाच पाडलेली एकेक कुंडी उपडी ठेवली.

"कुठं बसायचं ते तिचं ती ठरवेल. तुमच्या बेटावर सगळी हवाच ऊन, म्हणून तुम्हाला कधी सुचलं नाही."

"बेटावर ऊब कुणी विकत आणायचं नाही हो," बाई हळूच म्हणाल्या.

जोसिलेनीला त्यांनी विनवलं, "एक आठवडा दे." तिने दिला.

सहाव्या दिवशी नेगा कुंडीखालून डोकं काढून जीभ लपलपवू लागली. बाईंनी तिच्यासाठी आणलेला बर्फातला छोटा मेलेला उंदीर कोमट पाण्यात पुरता वितळवला, पुसला आणि लांब चिमट्याने पुढे धरला. क्षणभर काहीच नाही. मग झडप! वेटोळं आवळलं, आणि सावकाश, डोक्याकडून, उंदीर आत जाऊ लागला.

"जोसी! खातेय गं, खातेय!"

जोसिलेनी धावत आली, पाहिलं, आणि तिथूनच पैदासकाराला फोन लावून म्हणाली, "नाही, आम्ही येत नाही."

बाईंना नेगाला मांडीवर घ्यायची फार इच्छा झाली. पण खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, असं कागदावर होतं. त्यांनी कडी लावली, एप्रनला डोळे पुसले आणि जिना चढून कासिमिरोंचं दार वाजवलं.

"काय झालं, दोना? पुन्हा गारठली?"

"जेवली," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे दोन्ही हात धरून तशाच उभ्या राहिल्या.