कडेचं कापलेलं

हेमा बाबर डोंबिवलीत स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं. ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला जायचं होतं, आणि या सगळ्यांना माऊस कसा धरायचा इथपासून शिकवण्याचं काम हेमाकडे होतं. तिच्या हाताखालून गेलेली किती पोरं विमानात बसली. हेमा मात्र क्लासवरून निघायची, कोपऱ्यावर भाजी घ्यायची आणि घरी जायची. तिची झेप तेवढीच.

तिचा धाकटा भाऊ दौलत खरोखरच अमेरिकेत होता. आई लवकर गेली, तेव्हा दोघांपैकी एकालाच इंजिनिअर करणं घराला झेपणार होतं, आणि तो एक कोण यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. हेमाला याचं वाईट वाटायचं का? वाटायचं. त्याचा अभिमानही वाटायचा. या दोन्ही भावना तिच्या मनात सासू-सुनेसारख्या एकाच स्वयंपाकघरात वावरत होत्या.

तिचे वडील, अण्णा, कल्याणच्या रेल्वे मालधक्क्यावरून रिटायर झालेले. आयुष्यभर हमालांवर आणि व्यापाऱ्यांवर ओरडून आवाज कमावलेला माणूस. आदल्या वर्षी गणपती गेले आणि आठवड्याभरात अण्णांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला, डावा पाय गेला, तोंड वाकडं झालं आणि तो कमावलेला आवाजही गेला. पुढे जीभ थोडी वळायला लागली, तेव्हा त्यांच्या तोंडून निघालेलं पहिलं धड वाक्य होतं, “दौलतला कळवायचं नाही.”

“अण्णा, असं कसं चालेल?”

“ग्रीन कार्डाचं चाललंय त्याचं. मधेच उठून आला तर सगळं अडकेल. ते होऊ दे, मग सांगू.”

ग्रीन कार्ड झालं. मग अण्णा म्हणाले, आता त्याने घर घेतलंय, डोक्याला ताप नको. मग म्हणाले, आता इतके महिने सांगितलं नाही, आता काय तोंडाने सांगणार? अण्णांपुढे हेमाचं काही चालायचं नाही.

दर रविवारी सकाळी दौलतचा फोन यायचा. अण्णा आधीपासून मनात जुळवून ठेवलेली दोन वाक्यं म्हणायचे, “बरा आहे रे. तू जप,” आणि रिसीव्हर हेमाकडे द्यायचे. शब्द जड यायचे, लडबडायचे. हेमा म्हणायची, लाईनच खराब आहे. दौलत म्हणायचा, इंडियाच्या लाईनी काही सुधारणार नाहीत बघ. झालं, विषय संपला.

पण दौलतला फोटोही हवे असायचे. अमेरिकेत इंटरनेटवर एक नवीच सोय निघाली होती. फोटो त्यांच्याकडे पाठवून द्यायचे, ते फुकटात आल्बम करून ठेवणार, आणि जगात कुणीही कुठूनही तो बघणार. “ताई, तुला तर सगळं येतं,” दौलत म्हणाला, “अण्णांचे फोटो टाकत जा ना. चित्राच्या घरचेही बघतील.” चित्रा म्हणजे त्याची बायको, माहेर मुलुंडचं.

मग घरात फोटोचा कार्यक्रम सुरू झाला. अण्णांना स्वच्छ शर्ट घालायचा, केस विंचरायचे, पलंगाच्या कडेला बसवायचं. तोंडाचा वाकडा कोपरा दिसू नये म्हणून मान खिडकीकडे वळवायची. कॅमेरा फ्रिजवर ठेवून त्याची आपोआप फोटो निघणारी कळ दाबायची, आणि तो कुरकुरत असेतो धावत येऊन अण्णांचा डावा खांदा धरायचा; नाही धरला तर अण्णा हळूहळू डावीकडे कलायला लागायचे. हे सगळं एका दमात. फोटो निघाला की दोघंही धापा टाकायची.

रोल धुऊन आला की हेमा क्लासातल्या स्कॅनरवर फोटो घ्यायची, त्या अमेरिकन आल्बमात चढवायची आणि मग तिथेच माऊसने चौकट ओढून कडेचं कापून टाकायची. वॉकर कापायचा. पलंगाखालचं भांडं कापायचं. उशीवर ठेवलेला निर्जीव हात कापायचा. आणि या सगळ्याच्या शेजारी जी उभी असायची तिलाही कापायचं, कारण ती खांदा धरून का उभी आहे असं कुणी विचारलं असतं. राहायचे ते फक्त खिडकीबाहेर बघणारे अण्णा, देशाच्या चिंतेत पडलेल्या पुढाऱ्यासारखे. चित्राच्या आईने मुलुंडहून फोन करून सांगितलं, “तुमचे वडील अगदी रुबाबदार दिसतात हो!” हेमाने थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवून अण्णांची चादर बदलायला गेली.

आता उत्तमचं सांगायला हवं. उत्तम क्लासातले कॉम्प्युटर दुरुस्त करायला यायचा. सावळा, हळू बोलणारा, हेमाहून वर्षभराने मोठा. त्याने टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं होतं, तळमजल्यावर, आणि तळमजलाच का, हे त्याने हेमाला एकदा चहा पिताना सांगितलं होतं. “अण्णांना जिने नकोत म्हणून.”

हेमाने चहाचा पेला खाली ठेवला. इतका आनंद तिला सोसण्याची सवय नव्हती.

पण अण्णा ऐकतील तर ना! “लेकीच्या दारात मरायला जाऊ?” त्यांनी विचारलं. मग उत्तमने इथे राहायचं का? तर “घरजावई आणलाय म्हणून गल्ली हसेल मला.” ज्या गल्लीतलं कुणी महिनोन् महिने अण्णांकडे डोकावलं नव्हतं, ती गल्ली अण्णांना हसणार होती. अण्णा जगात एकाच माणसाचं ऐकायचे, आणि तो अमेरिकेत होता. दौलतने येऊन समोर बसून म्हटलं असतं, “अण्णा, जा टिटवाळ्याला, मी सांगतो,” तर अण्णा दुसऱ्या दिवशी निघाले असते. आणि दौलतला बोलवायचं तर कारण सांगायला हवं, आणि कारण सांगायचं नव्हतं. हेमा या गोलात फिरत राहायची. उत्तमची आई लग्नासाठी त्याच्यामागे लागली होती. “दिवाळीपर्यंत मी टाळू शकतो तिला,” तो म्हणाला. तो धमकी देत नव्हता, खरं तेच सांगत होता, म्हणून ते जास्त लागलं.

दसऱ्याच्या सुमाराला दौलतला घराची वेबसाईट हवीशी झाली. ऑफिसातल्या सगळ्यांच्या होत्या म्हणे. “फॅमिलीची एक साईट बनव ना ताई. जागा फुकट मिळते. आणि फोटो परत चढवत बसू नकोस, त्या आल्बममधून सरळ इम्पोर्ट होतात. नाव, पासवर्ड टाकला की सगळे उचलून आणतं.”

हेमाने एका दुपारी क्लास रिकामा असताना साईट बनवली. वर ‘बाबर परिवार’, खाली दौलतच्या नव्या घराचं चित्र, मग अण्णांचं पान. इम्पोर्टचं बटण दाबलं. टेलिफोनची लाईन, तिच्या गतीने काय येईल ते येणार. ती पुढची बॅच घ्यायला गेली. मुलांना छपाई शिकवून परत आली तेव्हा काम झालं होतं. तिने अण्णांचं पान उघडलं.

फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उमटायला लागला. आधी भिंतीवरचं कॅलेंडर. मग अण्णांचे विंचरलेले केस. आणि त्यांच्या शेजारी, जिथे काही असायला नको होतं तिथे, आणखी कुणाचे तरी केस. हेमा बघत राहिली. पट्टी खाली आली. तिचं कपाळ, तिचं तोंड, अण्णांच्या खांद्यावर तिचा पंजा, उशीवरचा हात, वॉकर, भांडं.

त्या अमेरिकन लोकांनी कापलेलं काही फेकलंच नव्हतं. गिऱ्हाइकाचा विचार बदलला तर असावं म्हणून अख्खा फोटो जपून ठेवला होता, नुसता झाकून. इम्पोर्टने मुळातलेच फोटो उचलून आणले होते. शंभर पोरांना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंच्या हे लक्षात आलं नव्हतं.

तिने घाईघाईने पुढचा उघडला, त्याच्या पुढचा, त्याच्या पुढचा. सगळे तसेच. सगळ्यांत ती. हे फोटो तिने स्वतःच स्कॅन केले होते, पण तेव्हा तिचं लक्ष चौकट कुठून ओढायची याकडेच असायचं. आज पहिल्यांदा ती कडेच्या बाईकडे बघत होती. जानेवारीतल्या फोटोत वेणी होती, साडी होती. मग गाऊन आला. मग तोच गाऊन पुन्हा पुन्हा. कानाजवळ पांढरं दिसायला लागलेलं. एकाही फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. अण्णा कलतात का इकडेच तिची नजर. हेमाला त्या बाईची इतकी कीव आली की तिथेच, त्या गरम झालेल्या मशीनसमोर, तिला रडू फुटलं.

एक बटण दाबलं असतं तर सगळं पुसलं गेलं असतं. तिने हात माऊसवर ठेवला, आणि पुसलं नाही. दौलतला ईमेल केली, “साईट झाली. बघ.”

घरी येऊन तिने अण्णांना सांगून टाकलं. “फोटो अख्खे गेले, अण्णा. चुकून गेले. पण मी काढणार नाही.”

अण्णा भडकले. जड जिभेने जितकं ओरडता येईल तितकं ओरडले. “पोराच्या पायात धोंडा बांधलास!” रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, पण बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र भिंतीकडे बघत म्हणाले, “माळ्यावर ती जाड गादी आहे. तिला ऊन दाखव.”

हेमाला आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, “गिझर चालतो का गं? त्याला थंड पाण्याची सवय राहिली नसेल आता.” आणि मग, “कल्याणच्या बाजारातले ते त्याच्या आवडीचे पेढे मिळतात का अजून?”

हेमा स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. कळवायचं नाही, कळवायचं नाही म्हणून तिच्यावर डोळे वटारणारा हा म्हातारा एवढे महिने दाराकडे कान लावून बसला होता! तिला रागही आला आणि वाईटही वाटलं. तिने गादी गच्चीवर टाकली. क्लासात उत्तमला म्हणाली, “दिवाळीच्या आत होईल असं वाटतंय.” त्या दिवशी त्याने बिघडलेल्या मशीनवर शिट्टी वाजवत काम केलं.

रविवारी अण्णांनी सकाळीच दाढी करून घेतली आणि फोनशेजारच्या खुर्चीत बसवायला लावलं. फोन वाजला. हेमाने उचलला.

“ताई, साईट बघितली,” दौलत म्हणाला. “हे असं आहे ते मला वाटतच होतं गं. अण्णांचं बोलणं ऐकून. पण तू काही बोलली नाहीस, म्हटलं, तू मॅनेज करतेयस.”

हेमाने अण्णांकडे पाठ फिरवली. “हो,” ती म्हणाली.

“मला आत्ता निघता येणार नाही. नवीन प्रोजेक्ट आहे, घराचं आहे… पुढच्या वर्षी बघतो. नक्की बघतो. आणि ताई, ते फोटो तेवढे काढ हां. चित्राच्या घरचे बघतात, तिचे ऑफिसवाले बघतात. आधीचे छान होते, कापलेले. तेच टाक.”

“बरं.”

“चिडलीस का?”

“नाही.”

“अण्णांना देऊ नकोस फोन. काय बोलू मी त्यांच्याशी? सांग, लाईन कट झाली.” त्याचा आवाज ओला झाला होता. तोही काही राक्षस नव्हता. लांब होता, एवढंच.

हेमाने रिसीव्हर ठेवला. वळून बघितलं तर अण्णांचा उजवा हात फोनसाठी पुढे आलेला, तसाच हवेत.

“लाईन कट झाली,” ती म्हणाली.

“काय म्हणाला?”

“साईट आवडली त्याला. तब्येत जपा म्हणाला. पुढच्या वर्षी येतो म्हणाला, नक्की.”

अण्णांनी हात मांडीवर घेतला. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. माल उतरवून घेताना व्यापाऱ्यांची तोंडं वाचण्यात त्यांची हयात गेली होती.

“किती कापलंस, हेमा?”

“कडेचं,” ती म्हणाली. “थोडंच.”

त्यांनी मान हलवली. खालून भाजीवाल्याची हाळी आली आणि गेली. हेमाला वाटलं, आता म्हणतील, जाऊ या टिटवाळ्याला. ती थांबली. खरंच थांबली.

“फोटो काढायचा असेल ना नवा?” अण्णा म्हणाले. “काढ. दाढी झालेलीच आहे.”

हेमाने कॅमेरा आणला, फ्रिजवर ठेवला. अण्णांची मान खिडकीकडे वळवली. कळ दाबली, धावली, डावा खांदा धरला. कॅमेरा कुरकुरत होता, आणि ती सवयीने हिशेब करत होती, आज चौकट कुठून ओढायची. तेवढ्यात अण्णांचा उजवा हात, तो एकच राहिलेला, छातीवरून आडवा आला आणि खांद्यावरच्या तिच्या पंजावर बसला. घट्ट. मान त्यांनी खिडकीवरून काढून तिच्याकडे वळवली होती, वाकड्या तोंडानिशी.

आता हे कापता येणार नाही, तिच्या मनात आलं. इथून कापलं तर अण्णांचा हातच जाईल.

कॅमेरा वाजून गेला. हेमाने बोटं सोडवून घ्यायला हलवली. अण्णांनी हात काढला नाही.