अवसेच्या भरतीत दशरथ

झरीचा दशरथ जुन्या नावा मोडायला आमच्या धाकटी डहाणूला यायचा, पण पाण्याला असा भ्यायचा की गावचा ओढा ओलांडतानाही बायकोचा, वासंतीचा, हात धरायचा. पोहता येत नव्हतं. आम्ही चिडवायचो, तोही हसायचा. कामाला मात्र पक्का. नाव मोडायला घेतली की आधी तळाला भोक पाडायचा. पाणी आत शिरलं की ती तरंगत नाही, मग तो निर्धास्त.

२०१६ साली आमच्या चिमणनं, जो मासेमारी सांभाळून जुन्या नावांचं सामान विकायचा, खाडीकाठी पडलेली एक शिडाची जोडहोडी घेतली. मुंबईच्या कुणा हौशी माणसाची. दोन अरुंद होड्या मधे सपाट फळीनं जोडलेल्या. डोलकाठी, तारा, दोर ओढायच्या चरख्या, सगळं अजून चांगलं होतं. काम निघालं ते नेमकं अवसेला, आणि चिमणच्या घरची रीत अशी की अवसेला नावेच्या तळाला लोखंड लावायचं नाही. भोक उद्या पाड, आज नुसतं वरचं खोल, असं त्यानं सांगितलं. दशरथ कुरकुरला, पण ऐकलं. अवसेला भरती मोठी येते हे आमच्या पोराटोरांनाही ठाऊक. रीत सांभाळायच्या नादात शहाणा चिमण तेवढंच विसरला. वर लंगरही सकाळीच सोडवून काठावर टाकला, कारण त्याला गिऱ्हाईक तयार होतं.

दुपारी दशरथ एका होडीच्या पोटात आडवा होऊन शेवटच्या चरखीचे नट सोडवत होता. पाठीखालचं सगळं हललं. त्याला वाटलं, चक्कर आली. मग पाना आपोआप घरंगळत गेला. वर डोकं काढलं तर काठ लांब गेला होता.

चिमण गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहून हाका मारत होता. ओहोटी लागली की होडी थेट समुद्रात जाणार, हे दोघांनाही कळत होतं. चिमणनं दोर फेकला. दशरथनं तो चरखीला बांधला. ताण बसताच चरखी उखडून पाण्यात गेली, नट त्यानंच काढले होते. दुसरं काही शोधावं तर कड्या, खुंट, काहीच उरलं नव्हतं. सगळं त्यानंच नीट खोलून काठावर रचलं होतं. चिमणनं दोर पुन्हा फेकला.

"कमरेला बांध अन् उडी मार."

"मरन मी, चिमणभाय."

"मी धरलाय ना."

दशरथ ढसाढसा रडत होता. गाठ मारली, पुन्हा पुन्हा चाचपली, आणि डोळे मिटून पाण्यात पडला. नाकातोंडात खारं पाणी, पायाखाली काहीच नाही. मेलोच, असं त्याला वाटलं. चिमण ओढत होता आणि काठावरून, हाका ऐकून धावत आलेले आम्ही.

वर आल्यावर तो ओकला आणि तिथंच बसून राहिला. ओहोटी लागून होडी खाडीच्या तोंडाकडे निघाली, तिच्याकडे कुणी बघितलं नाही. चिमण कमरेची गाठ सोडायला वाकला तर दशरथनं त्याचा हात झटकला. रस्त्यापर्यंत बांधावरून जायचं होतं आणि दोन्ही बाजूंना पाणी भरलं होतं. तो तसाच दोर बांधून चालू लागला. आमच्यातलं कुणी हसलं नाही. दुसरं टोक मुठीत घट्ट धरून चिमण रस्ता येईपर्यंत त्याच्या मागे चालत राहिला.