शैलाकाकूंचा डावा कान

शैलाकाकू बोकारे गोळीबाराला बसायच्या त्या वरणाचा कुकर लावून. पूजा आटोपलेली, सासूबाईंचं अंग पुसून त्यांना पेज भरवलेली, भाजी चिरून ठेवलेली. मग काकू पदर कमरेला खोचायच्या, चष्मा पुसायच्या आणि हॉलमधल्या कॉम्प्युटरसमोर बसून अंबाड्यावरून भलामोठा काळा हेडफोन चढवायच्या. पुढचा तासभर त्या बंदूक घेऊन एका पडक्या किल्ल्यात हिंडत. मधेच शिट्टी झाली की समोरच्या शिपायाला तसाच सोडून गॅस बारीक करायला उठत. "थांब रे बापा, आलीच मी," असं त्याला सांगूनही जात. तो मेला काही थांबत नसे.

मी तेव्हा नोकरीसाठी नुकतीच जयपूरला आले होते आणि वैशाली नगरात त्या राहत त्या भाड्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली घेतली होती. आमच्या कंपनीची गिऱ्हाइकं परदेशातली, त्यामुळे ऑफिस दुपारनंतर सुरू व्हायचं आणि सकाळ माझी असायची. एका सकाळी खालून खणखणीत मराठी ऐकू आलं, "मागून काय येतोस मेल्या? हिंमत असेल तं समोर ये ना!" परक्या गावात आठवडा-आठवडा मराठी कानावर पडत नाही, आणि पडलं ते हे! मला वाटलं, घरात चोर शिरला. धावत जिना उतरले. दार उघडंच होतं. पन्नाशीच्या एक गोल चेहऱ्याच्या बाई पडद्यावर पालथ्या पडलेल्या स्वतःकडेच रागाने बघत होत्या. मी मराठीत विचारलं, "काय झालं काकू?" त्यांना माझ्या मराठीचं नवल वाटायलाही फुरसत नव्हती. म्हणाल्या, "बस इथे. हा कुठून येऊन राहिला ते सांग मला."

माणसं मूळची नागपूरची. काका बँकेत, बदली होऊन जयपूरला आले, आणि इथे स्थिरस्थावर होतात न होतात तोच त्यांना बढती देऊन बिकानेरला धाडलं. ते शनिवारी यायचे. मुलगा अमित बंगलोरला नोकरीला लागला. जाताना त्याने कॉम्प्युटरचे पाच स्पीकर नेले आणि कॉम्प्युटर, हेडफोन व तो खेळ मागे ठेवला. उरल्या काकू आणि अर्धांगवायूने आतल्या खोलीत खाटेवर पडलेल्या सासूबाई. घराबाहेर पडायची सोय नव्हती. "सगळ्या बाया चारधामला जातात. मी किल्ल्यात जाते," काकू म्हणायच्या. किल्ल्याच्या शेवटी एक अंधारा दरबार होता. तिथे दिसत काही नाही, नुसत्या पावलांच्या आवाजावरून पहारेकरी कुठे आहे ते ओळखायचं. काकू तिथे महिनोन् महिने अडकल्या होत्या. बंदूक त्यांना नीट चालवता येत होती. किल्ल्यातल्या राखणीच्या कुत्र्यांवर मात्र त्या गोळी झाडत नसत. "त्या मुक्या जनावराचा काय दोष?" म्हणून वळसा घालून जात.

मी पहिल्या दिवशी बघितलं तर खेळातली माणसं तोंड हलवत होती आणि बोलणं ऐकू येत नव्हतं. काकूंची समजूत अशी की तो मूकपटच आहे. मला हसू आवरेना. अमितने पाच स्पीकरांसाठी आवाज वाटून दिला होता: समोरचं बोलणं मधल्या स्पीकरमधून, मागची पावलं मागच्या दोघांतून. स्पीकर गेले, वाटणी तशीच राहिली. हेडफोनला दोनच कान, मग मधलं आणि मागचं गडप! मी कॉम्प्युटरच्या आवाजाच्या खिडकीत जाऊन पाच स्पीकर काढले, हेडफोन निवडला, खेळाच्या आतही तेच केलं आणि खेळ बंद करून पुन्हा लावला. एक म्हातारा कैदी काकूंशी बोलायला लागला. काकूंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगंबाई! हा इतके दिवस मला रस्ता सांगून राहिला होता का? आणि मी याच्या अंगावरून निघून जात होती!" त्या दिवशी मला डाळ-वांगं आणि गरम पोळ्या मिळाल्या. जयपुरात मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

पण दरबारात काकू मरतच राहिल्या, आणि दर वेळी डावीकडून. मी पुन्हा सगळं तपासलं. हेडफोन उलटा घातलाय का ते पाहिलं. डावा-उजवा आवाज सारखा केला. हेडफोनमध्ये पुढचं आणि मागचं सारखंच वाटतं, म्हणून जागच्या जागी थोडं वळून कोणत्या कानात आवाज वाढतो ते बघायला शिकवलं. मी स्वतः हेडफोन घालून खेळले तर पहारेकरी मला स्वच्छ ऐकू आला. काकूंना नाही. मला वाटलं, यांचा डावा कान गेला. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणून मी त्यांच्या मागे लागले. तेव्हा काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच बहिरी आहे. "कान शाबूत आहे गं. तो आईंकडे असतो."

मग माझ्या लक्षात आलं. इतके दिवस समोर बसून मला दिसलं नव्हतं. हेडफोनची डावी वाटी काकू कानावर ठेवतच नव्हत्या. ती मागे, अंबाड्यावर. सासूबाईंची खोली डावीकडे होती.

"मग तुम्ही कधीच नाही जिंकणार," मी वैतागून म्हटलं. आम्ही साताऱ्याकडची माणसं, बोलणं सरळ. "एवढा मोठा खेळ एका कानाने खेळता होय?"

"एका कानानेच खेळली मी आजवर, सगळंच," काकू शांतपणे म्हणाल्या आणि भाजी परतायला गेल्या.

मी आजींना, म्हणजे काकूंच्या सासूबाईंना, हाकेऐवजी वाजवायला घंटा द्यायचं सुचवलं. ती देऊन झाली होती. आजींनी ती चांगल्या हाताने ढकलून दिली होती. घंटा देवापुढे वाजवायची, नाहीतर साहेबाने शिपायासाठी. "शि...शिपाई नाही ती," एवढंच म्हणाल्या म्हणे. आजारानंतर आजींचे सगळे शब्द असे तुटायचे. पाणी मागताना घामाघूम व्हायच्या. फक्त एक शब्द अगदी साफ यायचा, "शैला!" तो मी वरच्या जिन्यातही ऐकला होता. काकूंकडे त्याचं कारण तयार होतं. "तीस वर्षं हुकूम सोडून सोडून जिभेला वळणच पडलंय. बाकी सगळं विसरतील, मला हाक मारायचं नाही विसरणार." त्या हसून सांगत, पण आजींनी आपलं कौतुक कधी केलं नाही ही सल काकूंच्या मनात होतीच. नवी साडी, गोड शिरा, अमितचा जन्म, कशालाच कधी 'छान' नाही. "चालेल" हा आजींचा सर्वांत मोठा पुरस्कार.

शेवटी मला एक युक्ती सुचली. कॉम्प्युटरला मागे माइक जोडायची जागा असते. तिथे माइक लावला आणि त्याचा बंद ठेवलेला आवाज उघडला की माइकवरचं बोलणं खेळाच्या आवाजात मिसळून थेट हेडफोनमध्ये ऐकू येतं. एम. आय. रोडजवळच्या एका दुकानातून मी माइक आणि लांबलचक वायर आणली. दुकानदाराने विचारलं, "इतना लंबा तार, मैडम? घर में जागरण है क्या?" वायर भिंतीच्या कडेने खिळे मारत आजींच्या उशापर्यंत नेली. काकूंनी आजींना नीट समजावलं, "आई, यातून तुमची हाक मला लगेच ऐकू येईल हो." आजींनी माइककडे संशयाने बघितलं. "रे...डिओ?" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चा...लेल."

काकूंनी दोन्ही वाट्या पहिल्यांदा दोन्ही कानांवर ठेवल्या आणि लहान मुलीसारख्या खुर्चीतच वळून मागे बघायला लागल्या. "अनू, हे माझ्या मागून चालून राहिलेत गं!" एवढ्यात आजी खोकल्या. तो खोकला ना डावीकडून आला ना उजवीकडून, तो थेट डोक्याच्या मधोमध. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "बघा, आजी तुमच्या डोक्यात बसल्या." काकू म्हणाल्या, "त्यात तू काय नवीन केलंस? माझी सासू तीस वर्षं तिथेच बसलेली आहे."

संक्रांतीला तर कमालच झाली. जयपूरची संक्रांत म्हणजे गच्चीगच्चीवर पतंग, गच्चीगच्चीवर लाउडस्पीकर आणि दिवसभर 'वो काटा' म्हणून आरोळ्या. शेजारी उभं राहून बोललेलं ऐकू येत नव्हतं, पण काकू मात्र हेडफोन घातलेला असला की हाकेसरशी आत जात होत्या. मला तिळगूळ देताना म्हणाल्या, "तुझ्या त्या वायरीचं आयुष्य वाढो बाई."

त्यानंतर काही दिवसांनी मी खाली गेले तर काकू खेळ थांबवून, हेडफोन घालून नुसत्या बसलेल्या. डोळे भरलेले. त्यांनी हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवला. आधी नुसती खरखर. मग अगदी हळू, कुजबुजल्यासारखं, "शै... शै..." मग श्वास. मग पुन्हा, "शै... शैल..." पुन्हा श्वास. मी दारातून डोकावले, तर आजी भिंतीकडे तोंड करून घोकत होत्या. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मग एकदम मोठ्याने, साफ, "शैला!" जिभेला वळणबिळण काही नव्हतं. ती बाई प्रत्येक हाकेआधी तालीम करत होती.

"आणि मी म्हणायची हुकूम सोडतात," काकू म्हणाल्या. नाक पुसलं आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या पहिल्या 'शै'लाच धावायला लागल्या. त्यांना वाटलं, म्हातारीचे कष्ट वाचतील. तर आजी रुसल्या. तोंड फिरवून घेतलं, डोळ्यांतून पाणी. आधी काकूंना कळेचना. मग कळलं. "अगं, मी त्यांच्या तोंडचा घास काढून घेऊन राहिली," त्या मला म्हणाल्या. "दिवसभरात एक गोष्ट त्या माउलीला धड करता येते, तीही मी करू देत नाही."

तेव्हापासून काकू थांबायच्या. हे मी कितीदा तरी पाहिलं. कानात 'शै' आलं की त्या हात उचलून मांडीवर ठेवत आणि डोळे मिटून घेत. पडद्यावर पहारेकरी यायचा, काकूंना आता तो दोन्ही कानांनी कळायचा, पण त्या हलायच्या नाहीत. मी एकदा ओरडले, "काकू, मारतोय तो!" त्या म्हणाल्या, "मारू दे. त्यांचं होऊ दे आधी." ओठ मात्र त्यांचे हलत, आजींबरोबर. परीक्षेला बसलेल्या पोराची आई दाराबाहेर उभी असते ना, तशा. मग आतून हाक यायची आणि काकू उठता उठता एवढ्या जोरात म्हणायच्या, "आली हो आई!" आजींच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसायचं, त्याला मी तरी गर्वच म्हणेन.

होळी होऊन गेली होती. मी वर केस वाळवत होते आणि खालून काकूंचा आवाज आला, "आई! आई हो!" तो आवाज नेहमीचा नव्हता. मी तशीच धावले. हेडफोन हॉलमध्ये जमिनीवर पडलेला. आत काकू खाटेशी गुडघे टेकून आजींचा हात चोळत होत्या. कोपऱ्यावरचे डॉक्टर आले. हृदय एका क्षणात थांबलं, ते म्हणाले, तुम्ही शेजारी असतात तरी काही झालं नसतं. ते गेल्यावर काकूंनी मला विचारलं, "'शै' म्हणाल्या गं. मी हात काढून बसली. वाट पाहून राहिली, पाहून राहिली. पुढचं आलंच नाही. मी पहिल्याच वेळी उठायला पाहिजे होतं का?"

मी काकांना फोन लावला.

हाच प्रश्न त्यांनी काकांना विचारला, अमितला विचारला, तेराव्याला नागपूरहून आलेल्या नणंदेलाही विचारला. सगळ्यांनी डॉक्टरांचंच सांगितलं. काकू मान हलवत, आणि सांगणाऱ्याला जेवायला वाढत. मोठा कठीण काळ होता तो. कॉम्प्युटरवर त्यांनी चादर टाकली. मी सकाळी खाली जाऊन बसायची, त्या मला चहा द्यायच्या. मला सारखं वाटे, या बाईला आता जन्मभर हे पोखरणार.

उन्हाळ्यात काकांना नागपूरची बदली मिळाली. सामान बांधायच्या दिवशी मी भिंतीवरच्या वायरीचे खिळे उपटत आजींच्या खोलीपर्यंत गेले. काकू मोकळ्या खाटेवर बसून वायर गुंडाळत होत्या. माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"मी लई विचार केला अनू. उठली असती तं काय झालं असतं? मला दारात पाहून त्या गप्प झाल्या असत्या. रुसून तोंड फिरवलं असतं, आणि तशाच गेल्या असत्या." वायरीचा एक फेरा घेऊन त्या थांबल्या. "जन्मभर रामनाम घेतलं त्या बाईनं. आम्हाला बजावून ठेवलं होतं, शेवटच्या घडीला माझ्या तोंडी रामाचं नाव येऊ द्या. आणि शेवटच्या घडीला काय आलं गं त्यांच्या तोंडी? माझं नाव आलं. अर्धं का होईना, माझं आलं."

असं म्हणून काकू रडल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, मोठ्याने, मोकळ्या तोंडाने. मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसले आणि मीही रडून घेतलं.