चिखलाचं पातळ

महामायाला माणसांची किळस येई आणि ती लपवायचे कष्टही ती घेत नसे. आता तिची तरी काय चूक? बुलडाण्याजवळच्या धाड गावची ही मुलगी लग्न होऊन कोकणात खाडीकाठी गेली. नवरा ठेकेदाराचा मुकादम. कांदळाची, म्हणजे खारफुटीची झाडं तोडून, वर भराव टाकून प्लॉट पाडायचा धंदा. बाहेर झाडांवर कुऱ्हाड, घरात बायकोवर हात. एकदा ती माहेरी पळून आली, तर आई जनकाबाईनं 'नवऱ्यानं मारलं अन् पावसानं झोडपलं तर तक्रार कोणाकडे करायची' असं ऐकवून तिला परतीच्या एसटीत बसवून दिलं.

पुढच्याच बुद्धपौर्णिमेला, वंदनेसाठी नेसलेल्या पांढऱ्या पातळात तिनं मार खाल्ला आणि ती कांदळात शिरली. गुडघाभर चिखलात, श्वास घ्यायला वर आलेल्या मुळांना धरून ती दडून बसली. त्या कुजक्या वासात तिला पहिल्यांदा सुरक्षित वाटलं. नंतर नवऱ्यानं ते कांदळही साफ केलं.

धाडला ती कायमची आली, पण पातळ धुतलं नाही. वाळल्या चिखलावर काळ्या दोऱ्यानं कांदळाच्या मुळांची नक्षी टाचत बसली. गल्लीतल्या बायका नाक मुरडायच्या. 'जुळवून घे' म्हणणारी तोंडं या चिखलापेक्षा घाण, असं तिला वाटे. बुलडाण्याच्या महिला मंडळाच्या सुलभाताईंनी पातळ मंडळाच्या हस्तकला प्रदर्शनात घेतलं. तरी एखादं कमळबिमळ काढता येईल का, हे विचारलंच.

प्रदर्शनाच्या सकाळी जनकाबाई पातळ घेऊन मोरीवर बसली. पांढरं पातळ विहारात नेसायचं, त्यावर डाग राहू द्यायचा नाही, हे तिचं जन्माचं वळण. चारचौघांत लेकीची शोभा नको, म्हणून तिनं ते ब्रशनं घासून काढलं. महामाया येईपर्यंत खाडीचा चिखल मोरीतून वाहून गेला होता.

पदरापासून कमरेपर्यंत तांबूस डाग मात्र तसेच होते. जनकाबाई ते पुन्हा पुन्हा चोळत होती.

"हे काऊन निघून नाही राह्यलं?"

"रक्त हाय ते," महामाया म्हणाली. "तू परत पाठोलं, त्याच्यानंतरचं."

जनकाबाईनं साबण खाली ठेवला. मायेनं घासणाऱ्या त्या हातांचीही महामायाला शिसारी आली. ओलं पातळ पिळून ती बुलडाण्याला जाणाऱ्या जीपमध्ये जाऊन बसली. मागोमाग जनकाबाईही चढली.

हॉलमध्ये पातळ ओलंच टांगलं. दोऱ्याची मुळं शाबूत होती, मधे ते डाग. सुलभाताई स्त्रीच्या सोशिकतेवर भरभरून बोलल्या. एका बाईंनी जवळ येऊन, हा रंग कातानं दिलाय का, असं कौतुकानं विचारलं. महामायानं तोंड फिरवलं.

"रंग नाही हो तो," मागून जनकाबाई म्हणाली. "माह्या पोरीचं रक्त हाय. जीव वाचवून आल्ती, म्या तिले परत पाठोलं."

सुलभाताईंनी घाईनं चहा सांगितला. जनकाबाई पातळापाशीच उभी होती. महामायाची किळस काही गेली नव्हती. तिनं आईला खुर्ची ओढून दिली.